‘आजी आठवली’ म्हणजे पुस्तकाबद्दल बोलणं नव्हे?

खाडीपलीकडची
आपल्या रविवारच्या पुस्तकांच्या बैठकीनंतर नौपाडेकर सरांनी जे लिहिलं ते सगळ्यांनी वाचलं नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. सरांचं म्हणणं असं की हल्ली आपल्याकडे पुस्तक कमी आणि वाचणारा जास्त बोलतो. ‘डोळ्यांत पाणी आलं’, ‘माझी आजी आठवली’, ‘खाली ठेववेना’ यातून पुस्तकाबद्दल काही कळत नाही, बोलणाऱ्याबद्दल कळतं. असं बोलायचं असेल त्याने रोजनिशी लिहावी, चारचौघांचा वेळ घेऊ नये.

आजी मला आठवली होती, त्यामुळे हे कुणाला उद्देशून आहे ते कळलं. उत्तर मोठं आहे, पण देणार.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी आत्ता वाचली, घणसोली ते ठाणे जाता-येता गाडीत. त्यातल्या शेकूला नांगराला दुसरा बैल मिळत नाही, गोष्ट सांगणाऱ्या शाळामास्तरांनी खटपट करूनही मिळत नाही, आणि मग एक दिवस जुवाखाली बैलाच्या जोडीला शेकूची बायको दिसते. तिथे मी पुस्तक मिटलं. पुढे वाचवेना. माझी आजी खारलँडातली, म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतातली. भरतीच्या पाण्याने बांधाला खांड पडली की रात्री-बेरात्री अख्खं गाव धावायचं, आणि चिखलाच्या पाट्या डोक्यावरून वाहायच्या त्या बाया. कासोटा घट्ट मारून, मांडीभर चिखलात. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी धरून उभं राहायचं काम आजीचं, कारण ती उंच होती. ती गोष्ट आमच्या घरात शौर्याची म्हणून सांगतात. पोटात मूल असतानाही ती तिथे उभी होती, हे सांगताना सगळे हसतात. शेकूची बायको वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की यात हसण्यासारखं काही नाही.

आता सर, हे माझ्याबद्दल झालं की पुस्तकाबद्दल? पुस्तक १९५५चं, माणदेशातलं, औंध संस्थानातल्या धनगरांचं. त्याची रचना, निवेदक, भाषा यांवर गेली सत्तर वर्षं जाणकार लिहीत आलेत आणि चांगलं लिहीत आलेत. त्यात मी काय भर घालणार? पण खाडीकाठच्या आगरी घरात ते वाचलं की काय होतं, हे एखादी आगरी बाईच सांगू शकते. ते सांगायलाही बंदी असेल तर मग बैठकीला यायचं कशाला? प्रस्तावना घरी बसून वाचता येते.

नौपाडेकर
ताई, बंदी हा शब्द माझा नाही. तुम्ही चांगलं बोललात हेही मी बैठकीतच म्हणालो होतो. पण मूळ मुद्दा सोडू नका.

त्या प्रसंगात लेखक काय करतो ते बघा. मास्तर बघतो, सांगतो, बाजूला होतो. अरेरे नाही, हळहळ नाही, व्याख्यान नाही. सगळी ताकद त्या न बोलण्यात आहे. माडगूळकर चित्रं काढायचे, त्यांना ठाऊक होतं की कागदावर कोरी जागा किती ठेवायची. आणि आपण काय करतो? ती कोरी जागा आपल्या रडण्याने भरून टाकतो. तुमच्यानंतर जे चारजण बोलले त्यांपैकी एकाने तरी निवेदनाबद्दल शब्द काढला का? एकाला त्याचा मामा आठवला, एकीला गावची बैलजोडी. बनगरवाडी राहिली बाजूलाच.

मी १९८८च्या ठाण्याच्या साहित्य संमेलनात मांडवात बसून ऐकलेला माणूस आहे, वसंत कानेटकर अध्यक्ष होते. २०१०लाही होतो. या गावात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली उभं राहिलं. वाचनाची अशी परंपरा असलेल्या गावात आज पुस्तकावरचं मत म्हणजे काय, तर कॉफीच्या मगाशेजारी मुखपृष्ठ ठेवून काढलेला फोटो आणि खाली ‘भिडलं’. काय भिडलं? कुठे भिडलं? त्याची चीड येते मला. तुमची नाही.

कोपरी पूर्व
सर, मग चीड कॉफीवाल्यांवर काढा ना, ताईंवर कशाला?

माझा अनुभव सांगतो. मी कॉलेजला मराठी घेतलं होतं. तीन वर्षं ‘आशयसूत्र’ आणि ‘निवेदनतंत्र’ पाठ केलं आणि पदवी हातात पडल्यावर बरीच वर्षं एक कादंबरी उघडली नाही. पुन्हा वाचायला लागलो ते आईच्या आजारपणात, दवाखान्याच्या बाकड्यावर, आणि तेव्हा निवेदक प्रथमपुरुषी आहे की तृतीयपुरुषी याने मला काडीचा फरक पडत नव्हता. मला सोबत हवी होती, ती मिळाली. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा तिघांनी ते पुस्तक मागून नेलं. तंत्रावर बोललो असतो तर एकाने तरी नेलं असतं का?

खारघर टेकडी
ताईंच्या भावनांचा आदर आहे, पण एक स्पष्ट बोलतो. पुस्तक कुठलंही असो, इथले भूमिपुत्र बोलायला लागले की गाडी जमिनीवरच येते. मागे एक निबंधसंग्रह घेतला होता, तेव्हाही तेच. अहो, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले, गावठाणात चार-चार मजले उभे आहेत, भाडी येताहेत. आम्ही कर्ज काढून वन बीएचके घेतलेले लोक. आमच्या आजीबद्दल कुणी विचारत नाही.

खाडीपलीकडची
मी माझ्या टिपणात जमिनीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. पुन्हा वाचा. बांध, चिखल आणि उघाडी एवढंच लिहिलं होतं. जमीन तुम्ही काढलीत. आता ऐका.

१९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात, जासईला आणि पागोट्याला, शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. साडेबारा टक्क्यांचा निर्णय त्यानंतर, १९९० साली. म्हणजे संपादन सुरू झाल्यावर वीस वर्षांनी. आणि त्या साडेबारातले पावणेचार सोयीसुविधांसाठी कापून हातात येतात ते पावणेनऊ. ज्या आजीने फळी धरली तिने यातला एक टक्काही पाहिला नाही. तुम्ही ज्याला चार मजले म्हणता त्यातल्या एका मजल्यावर आम्ही तीन भावांची कुटुंबं राहतो.

तुमच्या आजीबद्दल कुणी विचारत नाही म्हणता, तर सांगा ना! कुठल्या पुस्तकाने आठवली ते सांगा. बैठक त्यासाठीच आहे. पण दुसऱ्याची आजी मोजायला बसू नका.

खारघर टेकडी
पाच माणसं गेली हे मला माहीत नव्हतं. खारघरला येऊन पंधराहून जास्त वर्षं झाली, कुणी सांगितलं नाही. तरी प्रत्येक पुस्तकात तेच शोधायचं का, हा माझा प्रश्न उरतोच.

देवघेव विभाग
वाद चालू द्या, पण विषय निघालाच आहे तर माझं गाऱ्हाणं ऐका. मी एका सार्वजनिक ग्रंथालयात बसते, नाव सांगत नाही. वाचकांच्या या ‘प्रतिक्रिया’ बैठकीत येतात तोवर ठीक. त्या पुस्तकात येतात! पेन्सिलीने, बॉलपेनने, एकदा तर स्केचपेनने. ‘वा!’, ‘खरे आहे’, ‘लेखकाला काय कळते’. ‘बनगरवाडी’च्याच आमच्या प्रतीत शेकूच्या प्रसंगाशेजारी लिहिलंय, ‘हे पाहिले आहे. जत, ७२’. आठवड्यातून एक दुपार मी खोडरबर घेऊन बसते. बॉलपेनचं काय करू? वर्षाचं अनुदान किती येतं, त्यात बांधणीला किती उरतं, हे कधी येऊन बघा. जुनी आवृत्ती असली की ती पुन्हा बाजारात मिळतही नाही.

वर्तकनगर
थांबा थांबा. ‘जत, ७२’ तुम्ही खोडलंत?

देवघेव विभाग
अजून नाही. पण खोडणार. नियम सगळ्यांना सारखा.

वर्तकनगर
बाई, हात जोडतो, खोडू नका. ७२च्या दुष्काळात जतकडच्या कुणीतरी हे डोळ्यांनी पाहिलंय. पुस्तकात आहे ते कल्पनेतलं नाही, असं तो माणूस साक्ष देऊन गेलाय. त्याने काय कुठे लेख लिहिला असता? त्याला कोण विचारणार होतं? त्याच्या हातात पेन्सिल होती, त्याने समासात लिहिलं.

नौपाडेकर
समास हा छापणाऱ्याने डोळ्यांना विश्रांती म्हणून ठेवलेला असतो. आज ‘जत, ७२’ ठेवलंत तर उद्या ‘वा!’ पण ठेवावं लागेल. कुठलं साक्षीचं आणि कुठलं रिकामटेकडेपणाचं, हे ठरवणार कोण?

ऐरोली सेक्टर आठ
मी एक रहस्यकथा आणली होती लायब्ररीतून. दहाव्या-बाराव्या पानावर एका पात्राच्या नावाभोवती गोल आणि बाजूला ‘हाच खुनी’. पुस्तक तिथेच संपलं माझ्यासाठी. त्या माणसालाही ‘वैयक्तिक प्रतिक्रिया’ द्यायची होती. माझा पूर्ण पाठिंबा देवघेव बाईंना. आणि पानं फाडून नेणाऱ्यांची अनामत जप्त करा.

कोपरी पूर्व
खुन्याचं नाव लिहिणं ही खोडी आहे, प्रतिक्रिया नाही. दोन्ही एका मापाने मोजू नका.

देवघेव विभाग
लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपलंच साक्षीचं वाटतं. एका गृहस्थांना मी विचारलं, काका, पुस्तकात का लिहिलंत? तर म्हणाले, घरी कुणाशी बोलणार? मला वाईट वाटलं, पण पुस्तक ग्रंथालयाचं आहे. त्यांच्यानंतर ते घेणाऱ्या मुलीला पान कोरं मिळायला हवं. तिने त्यांच्या डोळ्यांनी का वाचावं?

वर्तकनगर
मग एक करा. खोडण्याआधी उतरवून ठेवा. वही घाला. पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक, पान आणि लिहिलेलं वाक्य. हवं तर मी शनिवारी येऊन बसतो.

देवघेव विभाग
वही तुम्ही आणा. ग्रंथालय देणार नाही. आणि ‘वा!’ उतरवायचं नाही.

नौपाडेकर
पेन्सिलीवर एवढी चर्चा झाली, आता माझ्या मुद्द्यावर या. ताईंच्या टिपणात एक मोठी उणीव आहे, ती कुणीच दाखवली नाही, कारण आजीपुढे सगळे विरघळले. त्यात मास्तरच नाही. शेकू आहे, त्याची बायको आहे, आजी आहे. पण हे सगळं ज्याच्या डोळ्यांनी दिसतं, जो वाडीत शाळा चालवायला येतो, तालीम बांधायला लोकांना उभं करतो, आणि शेवटी दुष्काळाने वाडी उठते तेव्हा ज्याच्या वाट्याला तिथून निघणं येतं, तो कुठे गेला? आपली आठवण घेऊन वाचलं की असं होतं. ओळखीचं तेवढं दिसतं, बाकीचं पुस्तक दिसत नाही.

खाडीपलीकडची
मास्तर होता माझ्या डोक्यात, बोलायला वेळ उरला नाही. आता बोलते.

मास्तर भला माणूस आहे. पण दुष्काळ पडतो तेव्हा वाडीतल्या लोकांना गुरं-मेंढरं घेऊन पोटामागे जावं लागतं आणि मास्तरची बदली होते. दोघेही वाडी सोडतात, पण एकाच्या खिशात हुकूम आहे, दुसऱ्याच्या हातात काही नाही. आमच्याकडे जमिनीची मोजणी करायला साखळी घेऊन जे लोक आले होते, त्यांतला एकजण आजीकडे चहा प्यायचा. सज्जन होता, आजी त्याला नावाने विचारायची. मोजणी झाली, तो दुसऱ्या गावाला गेला. त्याच्याबद्दल आमच्या घरात राग नाही, पण त्याला जाता आलं हे कुणी विसरलेलंही नाही. म्हणून मास्तर जो निवेदक आहे तो मला तुम्ही म्हणता तसा नुसता बाजूला होणारा वाटत नाही. तो बाजूला होऊ शकतो, कारण तो पगारी आहे. त्याचं न बोलणं ही लेखकाची कला असेलही. मला त्यात पगारी माणसाचा संकोचही दिसतो. शेकूला बैल मिळवून देता आला नाही, मग हळहळ कुठल्या तोंडाने करणार?

हे मला निवेदनतंत्राच्या पुस्तकातून सुचलेलं नाही. साखळीवाल्यामुळे सुचलं.

कोपरी पूर्व
सर?

नौपाडेकर
वाचलं. दोनदा वाचलं.

हा मुद्दा पुस्तकाबद्दलचा आहे, एवढं मान्य. असं बोलणार असाल तर आजीसकट बोला, माझी हरकत नाही. पण निष्कर्ष मान्य नाही. मास्तर पगारी असला तरी त्या वाडीत तो हुकमापुरता राहिलेला नाही. आनंदा रामोशी चोरी करतो आणि मास्तरांपाशी येऊन कबूल करतो, हे पगारी माणसाच्या वाट्याला येत नाही. लोकांनी त्याला आपला मानलंय. तुमच्या साखळीवाल्याला कुणी तालीम बांधायला घेतलं होतं का? चहा पाजणं निराळं.

खाडीपलीकडची
लोकांनी आपला मानला म्हणूनच तर त्याचं जाणं लागतं, सर. परक्याचं जाणं कशाला लागेल?

नौपाडेकर
लागतं कुणाला? वाडीला की तुम्हाला? वाडी तर त्याच्याआधी रिकामी झालेली आहे. शेवटची पानं काढून ठेवा, पुढच्या बैठकीत दुसरं पुस्तक सुरू करण्याआधी तेवढं वाचू आणि ठरवू. खारघरकरांनीही यावं, आणि त्यांच्या आजीला कुठलं पुस्तक लागू पडतं ते घेऊन यावं.

देवघेव विभाग
आमची प्रत नेणार असाल तर पेन्सिली घरी ठेवून या.