ॲनिमे: तो, ती की ते?

पंचवटीकर: कॉलेजच्या वार्षिक अंकाचं मुद्रितशोधन माझ्या गळ्यात पडलंय. जपानी कार्टूनबद्दल एका पोराने 'तो ॲनिमे संपला' लिहिलंय, त्याच्याच वर्गातली मुलगी 'ती ॲनिमे भारी आहे' म्हणते. लिंग कोणतं धरू? शिवाय 'शोनेन', 'कूर' असे शब्द ही मुलं जन्मापासून बोलत असल्यासारखी वापरतात. तळटीप द्यायची तर काय देऊ?

गोदाकाठची: जपानीत नामाला लिंगच नसतं, त्यामुळे तिकडून मदत शून्य. आपण परक्या शब्दाला लिंग देतो ते बरेचदा मनातल्या मराठी शब्दावरून. मुलाच्या डोक्यात 'चित्रपट' असेल, मुलीच्या 'मालिका'. मी 'ते ॲनिमे' म्हणते, कारण तळे, केळे, गाणे अशा एकारान्त नामांची सवय कानाला आहे. मात्र त्यांच्यासारखं चालवायला जाऊ नका. तळ्यात, गाण्यात ठीक आहे, 'ॲनिम्यात' अजून तरी कोणी म्हणत नाही. 'कॅफेत' तसं 'ॲनिमेत'. अनेकवचनही ॲनिमेच.

अर्थाचं म्हणाल तर 'ॲनिमेशन'चं जपानी रूप 'आनिमेशोन', ते तोडून 'आनिमे'. जपानमध्ये डिस्नेचं कार्टूनही आनिमेच. फक्त जपानी ते ॲनिमे, ही बाहेरच्यांची व्याख्या.

जुना नाशिककर: भगूरच्या सावरकरांनी 'महापौर', 'बोलपट' दिले आणि आपण 'ॲनिमे'चं लिंग शोधत बसलोय! 'जपानी सचेतपट' लिहा की सरळ.

गोदाकाठची: काका, शब्द छान आहे, पण पोरं शोधणार 'ॲनिमे' म्हणूनच. आणि 'जपानी' कुठवर म्हणायचं? जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेलं ॲनिमेशनचं रामायण जानेवारी २०२५मध्ये इथल्या थिएटरांत लागलं होतं. कथा आपली, दिग्दर्शक दोन्ही देशांचे. त्याला काय म्हणाल?

जुना नाशिककर: त्याला रामायण म्हणू.

सिडकोवाला: 😄 काकांना पूर्ण मार्क. सर, तळटिपा माझ्याकडून घ्या. 'शोनेन' म्हणजे मुलगा. तो कथेचा प्रकार नाही, वाचकवर्ग आहे. १९६८मध्ये सुरू झालेलं 'शोनेन जंप' हे जपानी चित्रकथांचं साप्ताहिक मुलांसाठीचं, म्हणून त्यातलं ते शोनेन, मग कथा हाणामारीची असो की खेळाची. मोठ्या पुरुष वाचकांसाठीचं ते 'सेइनेन'.

'कूर' म्हणजे टीव्हीवरचा तीन महिन्यांचा हप्ता, साधारण १२-१३ भाग. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे चार सुरू होतात. मायॲनिमेलिस्ट किंवा ॲनिलिस्टवर नव्या मालिकांची यादी ऋतूप्रमाणे लागते, तिथेच आपली पोरं फसतात. आपण एप्रिलमध्ये घामाने निथळत असतो, त्यांचा तेव्हा 'स्प्रिंग'. आणि 'समर'ची यादी येते जुलैत, म्हणजे इकडे गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला लोक जातात तेव्हा.

आणखी एक. या साइटींवर नाव रोमाजीत, म्हणजे रोमन लिपीतल्या जपानीत टाकलं तर हमखास सापडतं. 'डीमन स्लेयर' हे इंग्रजी नाव, मूळ 'किमेत्सु नो यायबा'.

गोदाकाठची: त्यातला 'नो' लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो आपला चा-ची-चे. 'वाताशी नो होन' म्हणजे माझं पुस्तक, शब्दांचा क्रमसुद्धा आपलाच. आणि मुलांना सांगा, त्या मालिकेचं नाव 'नारुटो' नाही, 'नारुतो'. जपानी त दातांशी लागतो. रोमन टी वाचला की आपली जीभ सवयीने ट म्हणते, तोक्योचं टोकियो झालं ते असंच. देवनागरीत त आणि ट दोन्ही असताना इंग्रजीची अडचण आपण का वाहायची?

पंचवटीकर: ताई, ही टीप जशीच्या तशी छापतो. जपानी चित्रकथांना 'मंगा' म्हणायचं की 'मांगा' तेही सांगून टाका.

गोदाकाठची: मंगा, पहिला स्वर ऱ्हस्व.

जुना नाशिककर: आमच्या वाड्यात मंगा म्हणजे मंगेश. हाक मारली की ओ देतो.

पंचवटीकर: अंकात 'ते ॲनिमे' ठेवतोय. फक्त ती मुलगी 'ती' सोडायला तयार नाही.

सिडकोवाला: तिच्या लेखात पहिल्यांदा 'ॲनिमे मालिका' करा सर. पुढे 'ती' आपोआप बरोबर ठरते, भांडण नको.