मालिका सोडून रेडिओ: कंट्री म्युझिक सोलापुरात चालेल का?

बाळीवेसकर:
गोरेगावात बरीच वर्षं मालिका केल्या. कधी हीरोचा मित्र, बहुतेकदा इन्स्पेक्टर. काम आटलं, सोलापूरला परत आलो. अमेरिकेत टीव्हीवरचे नट कंट्री म्युझिकचे, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या गाण्यांचे, डीजे झालेत, आणि मला त्यातल्या बँजो-फिडल या वाद्यांचं जुनं वेड. इथं रेडिओवर तसं काही जमेल का? चेहरा ओळखीचा आहे. नवी पेठेत लोक विचारतात, "साहेब, आज कुणाला उचलणार?"

जुना श्रोता:
माइकपुढं चेहऱ्याचं काय करणार दादा? आकाशवाणीची नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात निघते. लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी. पैसे ड्यूटीप्रमाणं, ही नोकरी नव्हे. त्यावर घर चालवायचं मनात आणू नका.

हलगी:
मी रेकॉर्डिंग करते म्हणून सांगते. नट मंडळी भरल्या थिएटरात असल्यासारखं बोलतात. रेडिओ माणूस एकट्यानं ऐकतो: मागावर, रिक्षात, भाकरी थापताना. माइक वीतभर लांब, तोंड किंचित तिरकं, नाहीतर प-फ फटाक्यासारखे फुटतात. गाण्याचे शब्द सुरू व्हायच्या आत तुमचं बोलणं संपायला हवं.
अमेरिकेत नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्रावर १९२५ साली सुरू झालेला 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री म्युझिकचा कार्यक्रम आजही चालू आहे, तो गावाकडच्या गाण्यांवरच की! तुम्ही बँजोशेजारी जात्यावरची ओवी लावा, भारूड लावा. नुसतं इंग्रजी लावलंत तर लोक स्टेशन बदलतील.

बाळीवेसकर:
ओव्या आईला ढीगभर येतात. पण फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं की गाणं राहतं बाजूला, माझ्या लग्नाचा विषय काढते.