इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये अप्रेंटिस लागलोय, आधी काय पक्कं करू?

सोमवारपासून सुरुवात. मल्टिमीटर धरता येतो, बाकी पाटी कोरी.

उत्तर: ४ ते २० मिलिअँपिअर, म्हणजे ट्रान्समीटर (प्रेशर, लेव्हल वगैरे मोजणारं यंत्र) ज्या करंटने रीडिंग पाठवतो तो सिग्नल. ० टक्क्याला ४, ५० ला १२, १०० ला २०; झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं. सुरुवात शून्यापासून का नाही? तार तुटली की करंट शून्यावर येतो, बिघाड लगेच कळतो.

उत्तर: ट्रान्समीटरला हात लावण्याआधी कंट्रोल रूमला सांगून लूप (ट्रान्समीटर, कंट्रोलर, व्हॉल्व्ह ही साखळी) मॅन्युअलवर घ्यायला लाव, म्हणजे रीडिंग बदललं तरी व्हॉल्व्ह आपोआप हलणार नाही. मी विसरलो होतो. वायर सोडवली, रीडिंग पडलं, व्हॉल्व्ह सताड उघडला. सीनियर बोलले काहीच नाहीत, नुसतं बघितलं. तेच जास्त लागलं.

करंट मोजताना मीटर सिरीजमध्येच ना?

उत्तर: हो. मोजून झालं की लीड परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये. लीड करंटच्या सॉकेटमध्येच ठेवून व्होल्टेज मोजायला गेलो, माझे दोन फ्यूज त्यातच उडालेत.