मुरमाड जमिनीत गॅससाठी नेपियर : करार करावा का?

प्रश्न
पारनेर तालुक्यात आमची ४ एकर मुरमाड, उताराची जमीन आहे. खरिपात बाजरी आणि मटकी निघते, मार्चनंतर विहीर तळ गाठते. जवळच होणाऱ्या सीबीजी (दाबाखाली भरलेला बायोगॅस) प्रकल्पासाठी नेपियर लावल्यास एकरी १०० टन हिरवे गवत मिळेल आणि एकदा लावले की काही वर्षे पाहावे लागणार नाही, असे सांगून करारावर सही मागितली जात आहे. अशा जमिनीत हे शक्य आहे का?

उत्तर १
१०० टन निघतात, पण भारी, बागायती जमिनीत आणि शेणखत व नत्र सढळ हाताने दिल्यावर. राहुरीचा ‘फुले जयवंत’ घ्या किंवा तमिळनाडूचा ‘को-५’, बाजरी आणि हत्ती गवताच्या संकरातून आलेले हे वाण पाण्यावर पोसतात. उन्हाळ्यात पाणी तुटले की ठोंब जगला तरी फुटवा येत नाही. शिवाय हिरव्या गवतात सुमारे ८० टक्के पाणीच असते, त्यामुळे १०० टनांत कोरडा पदार्थ जेमतेम २० टन भरतो आणि बाकीच्या पाण्याचे वाहतूकभाडे कोणीतरी सोसतच असतो.

उत्तर २
हलक्या रानात काय पिकते, याचा दाखला अमेरिकेत आहे. नेब्रास्का आणि दोन्ही डकोटा राज्यांत १० शेतांच्या कमी कसाच्या जमिनीवर स्विचग्रास हे तिथलेच बहुवर्षायू गवत ५ वर्षे घेतले गेले व त्याचा हिशेब २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हेक्टरी वर्षाला सुमारे ५ ते ११ टन वाळलेले गवत मिळाले, म्हणजे एकरी २ ते साडेचार टन. तरीही त्यापासूनच्या इथेनॉलमधून खर्चलेल्या ऊर्जेच्या कितीतरी पट ऊर्जा मिळेल, असे गणित निघाले. हे गवत थंडी पडून वाळल्यावर कापले तर पानांतले बरेचसे अन्नद्रव्य आधीच मुळांत उतरलेले असते. नेपियर मात्र दर दीड-दोन महिन्यांनी हिरवेगार कापले जाते आणि प्रत्येक कापणीबरोबर नत्र व पालाश शेताबाहेर जाते. मुरमाड जमिनीला हे फार काळ झेपणार नाही, म्हणून गॅस काढून उरलेली स्लरी आपल्याच शेतात परत येईल, हे कलम करारात असलेच पाहिजे.

उत्तर ३
दादा, २०१८ च्या ‘सतत’ योजनेत तेल कंपन्या प्रकल्पाकडून गॅस घेतात. आपल्या गवताचा भाव फक्त आपल्या करारावर ठरतो. वजन कुठे होणार, कापणी व वाहतूक कोणाची, प्रकल्प बंद पडल्यास गवताचे काय, हे लेखी घ्या. पडीक जमिनीच्या नावाखाली मोगली एरंड लावून खरेदीदाराची वाट पाहत बसलेले शेतकरी आपण पाहिलेले आहेत. विहिरीलगतच्या अर्ध्या एकरातच आधी लावून एक उन्हाळा काढा. उतारावरचे मारवेल आणि पवना गवत मात्र मोडू नका, कारण गावची शेळ्या-मेंढरे त्यावरच जगतात आणि ती माती त्याच मुळांनी धरून ठेवली आहे.