जुन्या क्लब टुर्नामेंटचं क्रॉसटेबल (कोण कोणाशी जिंकला-हरला याचा तक्ता) परत कसं बनवायचं?

१९०० नंतरच्या दशकातली एक बुद्धिबळ क्लबची स्पर्धा आहे, ८ खेळाडू, प्रत्येकाशी एकेक डाव. पेपरात पहिल्या सात जणांचे गुण मिळाले, ६½, ५, ५, ४, ३, २½, १½, आठव्याचा आकडा फाटलाय आणि डावांचे निकाल तर तुरळकच, त्यातला एक पहिला वि. आठवा बरोबरी. पुढे काय करू?

उत्तर १:
आठव्याचा आकडा सोड, तो आपोआप निघतो. ८ जण म्हणजे २८ डाव, दर डावाला १ गुण (जिंकला तर १, बरोबरीला ½-½), म्हणून एकूण गुण २८, सातांची बेरीज २७½, म्हणजे आठव्याला ½. तो ½ पहिल्याकडूनच आला ना, मग आठवा बाकी सगळे हरला, आणि पहिल्याने बाकी सगळे जिंकले! बसल्या जागी १३ डाव भरले. सातव्याला आठव्याकडून १ मिळाला, म्हणजे उरलेल्या पाचांत एकच बरोबरी. मधल्यांसाठी मात्र पेपरच उपसावे लागतील.

उत्तर २:
हे सगळं ठीक, पण आधी स्पर्धेचे नियम बघ राव. त्या काळी काही ठिकाणी बरोबरीचा डाव पुन्हा खेळवायचे, १९०१ च्या माँटे कार्लोच्या स्पर्धेत तर बरोबरीला आधी पाव-पाव गुण आणि मग पुन्हा डाव, त्यामुळे टेबलात ¾ वगैरे दिसतात. शिवाय कोणी मधेच सोडून गेला असेल तर त्याचे डाव मोजले की रद्द केले तेही बघ, नाहीतर बेरीज जुळणारच नाही.

उत्तर ३:
आणि अंदाजाने भरलेले निकाल पेन्सिलीने लिही, पेपरात सापडलेले शाईने. लोक दोन्ही मिसळून टाकतात, नंतर पंचाईत.