९० दिवस बरोबर, पण दोन दिवस थांबायला हवं होतं
सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची चूक सापडली तर "पॅच (म्हणजे कंपनीची दुरुस्ती) येईपर्यंत शोधणाऱ्याने गप्पच बसावं" असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत, चूक जाहीर करायची तारीखच नसेल तर कंपन्या नुसतं ढकलत राहतात. म्हणून अशा चुका शोधणाऱ्या गूगलच्या प्रोजेक्ट झीरो टीमची, कंपनीला कळवल्यापासून ९० दिवसांनी चूक जाहीर करायची मुदत मला बरोबरच वाटते. पण जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी विंडोज ८.१ चा बग (अशीच एक चूक) ११ तारखेला उघड केला, मायक्रोसॉफ्ट म्हणत होतं १३ ला पॅच देतोय, तेवढं थांबा, तरी थांबले नाहीत, ते चुकलंच. आणि पॅच आला म्हणजे झालं असंही नाही हो, वॉनाक्राय या फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने जी फट वापरली तिचा पॅच मार्च २०१७ मध्येच आलेला, तरी मे महिन्यात ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या, कारण कित्येक मशीनवर तो टाकलाच नव्हता. २०२१ पासून प्रोजेक्ट झीरो वेळेत पॅच आला तर तांत्रिक तपशील आणखी ३० दिवस राखून ठेवतं, हे आधीच करायला पाहिजे होतं.