मदत हवी आहे: मुलांची इंटरनेटची समज मोजायची कशी? (दापोली-गुहागर)

नमस्कार मंडळी,

एम.एड.च्या प्रबंधासाठी दापोली-गुहागर पट्ट्यातल्या नववी ते बारावीच्या मुलामुलींवर काम करतेय. नेटवरची माहिती पारखायला ही मुलं कुठे आणि कुणाकडून शिकतात, हा विषय.

प्रश्नावली दिली की सगळे 'येतं' वर टिक करून मोकळे. मग फोनवर काहीतरी शोधायला सांगावं, तर पहिलीच लिंक उघडतात, ती जाहिरात असली तरी. पण हीच मुलं दुसरीकडे भलतीच तयार! हर्णैत होडीवाल्यांच्या घरातला एक पोरगा विंडी या हवामानाच्या ॲपवर वारा बघतो, हवामान खात्याच्या इशाऱ्याशी ताडतो आणि मगच बाबांना सांगतो. बागायतदाराची मुलगी 'अस्सल देवगड हापूस'ची स्वस्त जाहिरात दिसली की आधी भाव आणि विकणाऱ्याच्या जुन्या पोस्टी बघते. हे त्यांना शाळेत कुणी शिकवलेलं नाही.

ग्रामीण शिक्षणाच्या 'असर' या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांकडून फोनवर प्रत्यक्ष कामं करून घेतली होती: गजर लावणं, माहिती शोधणं, नकाशा बघणं. पद्धत पटली, पण मला 'सापडलं का'च्या पुढचं, 'खरं कशावरून' हे हवंय. वाऱ्यावर काम बेतलं तर बागायतदारांची मुलं मागे पडणार, आंब्यावर बेतलं तर होडीवाल्यांची. काय करावं?

दुसरं, मुलींचं. त्याच पाहणीत, फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८. इथेही बऱ्याचजणी आईचा नाहीतर भावाचा फोन वापरतात, आणि मुलाखतीला भाऊ शेजारी येऊन बसतो. त्याला उठवायचं कसं?

तिसरं, संमतीपत्र. वडील मुंबईला, घरी आजी. तिचा अंगठा चालेल का?

— खाडीकाठ

लाल_माती: ताई, एकाच मुलाला दोन कामं द्या, एक ओळखीच्या विषयातलं, एक परकं. दोन्हींतला फरक हाच तुमचा डेटा. स्टॅनफर्डच्या गटाने अमेरिकेतल्या ३,४४६ हायस्कूल विद्यार्थ्यांना मतदानातल्या गैरप्रकाराचा एक व्हिडिओ दाखवला होता. निम्म्याहून जास्त मुलांना तो अमेरिकेतल्या गैरप्रकाराचा भक्कम पुरावा वाटला. व्हिडिओ होता रशियातला! नेट हाताशी असूनही मूळ शोधणारे बोटावर मोजण्याइतके. तुम्ही परदेशातल्या वादळाची क्लिप 'हर्णै' म्हणून द्या. २०२० चं निसर्ग वादळ या पोरांनी लहानपणी घरात बसून पाहिलंय. उत्तरापेक्षा त्यांनी काय काय उघडलं ते बघा, स्क्रीन रेकॉर्ड करा. आणि क्लिप खोटी होती हे त्याच बैठकीत सांगा, नाहीतर संध्याकाळपर्यंत गावभर फिरेल. भावाचं म्हणाल तर मुलाखत शाळेतच घ्या, बाई दारात असल्या की पुरे.

खाडीकाठ: क्लिपचं फार आवडलं, धन्यवाद. शाळेत घेतलं तर मुली घरच्या फोनबद्दल कितपत बोलतील, शंका आहे, पण बघते. संमतीपत्राचं कुणीतरी सांगा हो, गाइड उद्या विचारणार आहेत.